विसार देण्याआधी घर तपासून घ्या: कुणाकडून, कधी आणि नेमकं काय बघून

घर बघायला आलेली माणसं छताकडे बघत नाहीत. इंजिनीअर म्हणून मी बरीच वर्षं लोकांबरोबर घरं बघायला जातोय, आणि हे जवळपास दर वेळी दिसतं. उजेड कसा येतो, ओटा किती लांब आहे, पलंग कुठल्या भिंतीला लागेल, गाडी कुठे लावायची, एवढं बघेपर्यंत वीस मिनिटं जातात आणि मनातल्या मनात घर घेऊनही झालेलं असतं. मग कागदपत्रं वकिलाकडे जातात, अर्ज बँकेत जातो. भिंती, स्लॅब, नळ आणि वायरी मात्र कुणाकडेच जात नाहीत.

एक घर अजून आठवतं. सगळ्या खोल्यांचा रंग जुना, जरा मळलेला; फक्त झोपायच्या खोलीतली एक भिंत नवीकोरी, फिकट पिवळी. घेणाऱ्या बाईंना नेमकी तीच भिंत आवडली होती. मी विचारलं, "हिच्या पलीकडे काय आहे?" न्हाणीघर होतं. ओल मोजायचं यंत्र टेकवत वर नेलं, तर कमरेपर्यंत आकडा चढलेला आणि तिथून वर भिंत कोरडी. घर वाईट नव्हतं. न्हाणीघराची फरशी उखडून, पाणीरोधक थर देऊन पुन्हा बसवावी लागणार होती, इतकंच. पण तो खर्च व्यवहाराआधी कळला म्हणून किमतीतून वजा झाला. राहायला गेल्यावर कळला असता, तर सगळा बाईंच्याच खिशातून गेला असता.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

"सर्व्हे करून घेतलाय" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कसला? कारण या एका शब्दाखाली चार वेगळी कामं खपतात. जमिनीच्या हद्दीची मोजणी हे एक. मालकी कुणाची, बोजा (घरावर कर्ज किंवा कुणाचा दावा) आहे का, मंजूर नकाशा काय सांगतो, हा कागदपत्रांचा शोध दुसरा. तिसरं बँकेचं मूल्यांकन. आणि चौथी बांधकामाची तपासणी, म्हणजे घर आज कोणत्या अवस्थेत आहे हे अंगाला हात लावून बघणं.

सगळ्यात जास्त गैरसमज तिसऱ्याबद्दल. "बँकेचा माणूस येऊन बघून गेला, त्याने पास केलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! तो माणूस बँकेसाठी आला होता. कर्ज थकलं तर हे घर विकून आपले पैसे सुटतील का, एवढाच त्याचा प्रश्न. बाथरूमचा ट्रॅप (जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग) गळतोय का, हे बघायला तो थांबत नाही आणि त्याने थांबावं अशी अपेक्षाही नाही. त्याचा अहवाल कित्येकदा तुमच्या हातातही येत नाही.

हा लेख मुख्यतः चौथ्या कामाबद्दल आहे. हद्दीचं थोडं शेवटाकडे येईल.

पायरी १: वेळ साधा

तपासणीची योग्य वेळ म्हणजे घर पसंत पडल्यानंतर आणि परत न मिळणारे पैसे हातातून जाण्याआधी. ही फट अरुंद असते. विकणारा घाई करतो, दलाल "दुसरी पार्टी तयार आहे" असं सांगतो. अशा वेळी दोन मार्ग आहेत. एक, विसार द्यायच्या आधीच तपासणी उरकायची. दुसरा, विसार द्यायचा, पण लेखी अट घालून: अमुक दिवसांत तांत्रिक तपासणी होईल आणि मोठा दोष निघाला तर विसार पूर्ण परत मिळेल किंवा किंमत पुन्हा ठरेल. "मोठा दोष" म्हणजे काय हेही त्यातच लिहून घ्या, नाहीतर नंतर वाद तिथेच होतो. अटीची भाषा वकिलाकडून तपासून घ्यायची. हे तोंडी बोलण्यावर सोडायचं काम नाही.

तपासणीला साफ नकार देणारा विक्रेता भेटला तर? कारण विचारा. घरात आजारी माणूस आहे, भाडेकरू आहे, अशी खरी कारणं असू शकतात आणि त्यातून दिवस काढता येतो. कारणच नसेल, तर तुम्हाला एक उत्तर फुकटात मिळालं.

जमलं तर घर दोनदा बघा, एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा चांगला पाऊस पडून गेल्यावर. कोरड्या दिवसांत दहा ठिकाणी लपलेली गळती पावसात स्वतःहून बोलते.

पायरी २: माणूस निवडा

बांधकामाचा अनुभव असलेला सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनीअर हवा, आणि तो तुमचा हवा. दलालाने सुचवलेला नको. व्यवहार झाला तरच ज्याला पुढची कामं मिळणार आहेत त्याच्याकडून स्पष्ट नकाराची अपेक्षा करणं अवघड आहे. तसंच दुरुस्तीचं कंत्राट घेणाऱ्याकडूनही तपासणी नको. त्याला प्रत्येक भेगेत काम दिसतं. फी ठरावीक असावी, घराच्या किमतीवर टक्क्यांनी नसावी.

ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. आधी केलेल्या एखाद्या तपासणीचा अहवाल नाव-पत्ता झाकून दाखवाल का? तुम्ही काय बघणार नाही? आणि मी तुमच्याबरोबर फिरलो तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. चांगला माणूस लगेच यादी सांगतो: फरशीखालचे पाइप दिसत नाहीत, बंद फॉल्स सीलिंगच्या वर बघता येणार नाही, वायरिंगची सखोल चाचणी वायरमनकडून करावी लागेल. "सगळं बघतो" म्हणणारा बहुधा वरवरचं बघतो.

तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणाला, तर दुसरा माणूस शोधा. अहवालात जे दोन ओळींत येतं ते जागेवर दहा मिनिटं समजून घेता येतं, आणि तिथे उभं राहून विचारलेला प्रश्न नंतर फोनवर विचारता येत नाही.

पायरी ३: तपासणी किती खोल हवी ते ठरवा

नवीन, साध्या बांधणीच्या घराला डोळ्यांनी केलेली नीट तपासणी पुरते. दोन-तीन दशकं जुनं, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभं असलेलं, मधे भिंती पाडलेलं, वर मजला चढवलेलं, आग किंवा पूर पाहिलेलं घर असेल, तर यंत्रांच्या चाचण्या लागू शकतात. पण त्या सुरुवातीलाच करून घेऊ नका. आधी डोळ्यांची तपासणी, मग जिथे शंका तिथेच चाचणी. उगाच सगळीकडे यंत्रं टेकवलेला जाडजूड अहवाल मी पाहिलाय, ज्यात शंभर आकडे होते आणि एकही निष्कर्ष नव्हता.

पायरी ४: तुमची स्वतःची फेरी

इंजिनीअरला नेण्याआधी एक फेरी तुम्हीच मारा, म्हणजे त्याची फी अशा घरावर जाणार नाही जे तुम्हालाच बघता क्षणी नको वाटलं असतं. जवळ एवढं असू द्या: चांगला टॉर्च, मोजपट्टी, छोटी पाणसळ, एक गोटी, खडू, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर आणि फोन. टॉर्च भिंतीवर समोरून मारू नका. भिंतीला जवळपास समांतर धरा. तिरप्या उजेडात फुगवटे, रंगाखाली भरलेल्या भेगा, पुट्टीचे ठिगळ असं सगळं सावल्यांनी उठून दिसतं. ही एकच युक्ती शिकलात तरी निम्मा वेळ वसूल.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने भिंत आणि फरश्या टकटक करत जा. घट्ट प्लास्टरचा आवाज टणक येतो, सुटलेल्याचा पोकळ, भदभद. पोकळ जागेवर खडूने खूण करा. गोटी फरशीवर सोडा. न्हाणीघरात ती जाळीकडे जायला हवी. दिवाणखान्यात ती वेगाने कोपऱ्याकडे पळाली, तर पाणसळ काढा आणि का ते विचारा.

फोटो काढताना क्रम ठेवा. आधी पूर्ण खोली, मग भिंत, मग जवळून दोष. नुसत्या भेगेचा जवळून काढलेला फोटो दोन दिवसांनी कुठला होता ते कुणालाच आठवत नाही.

पायरी ५: तपासणीचा दिवस, बाहेरून आत

घराचं बहुतेक दुखणं पाण्यातून येतं. म्हणून मी पाणी जसं येतं तसा फिरतो: आधी छत, मग बाहेरच्या भिंती, मग जमीन, आणि शेवटी आत.

छतावर पाणी साचल्याचे डाग बघा. वाळलेल्या चिखलाच्या गोल कडा म्हणजे तिथे डबकं होतं. उतार पाणी जायच्या तोंडांकडे आहे का, ती तोंडं बुजली आहेत का, कठडा आणि स्लॅब यांचा सांधा फाटलाय का. गळती बहुधा स्लॅबच्या मध्यातून होत नाही, या सांध्यातून किंवा पाइप जिथून आरपार जातो तिथून होते. आणखी एक गोष्ट जी कुणी बघत नाही: वॉटरप्रूफिंगचे थर. जुना थर न काढता त्यावर नवा, त्यावर आणखी एक, असं झालेलं असतं. दहा सेंटीमीटर जाडीचा विटा-सिमेंटचा थर एका चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतो. तो कायमचा भार स्लॅब वाहत असतो. १,००० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन, तीही कुठे ठेवली आहे ते बघा. भिंतीच्या किंवा बीमच्या वर असेल तर ठीक, स्लॅबच्या मधोमध असेल तर विचारायला हवं.

स्वतंत्र घर असेल तर जमिनीचा उतार भिंतीपासून दूर जाणारा हवा. पहिल्या तीन मीटरमध्ये निदान पंधरा सेंटीमीटर उतार असावा असा सर्वसाधारण हिशेब आहे. अंगणाची माती किंवा फरशी वाढत वाढत जोत्याच्या वर आली असेल, तर भिंत जमिनीतलं पाणी शोषत राहते. पायाजवळची मोठी झाडंही बघा. चिकण मातीत मुळं पाणी ओढतात, माती आकसते आणि पाया खचू शकतो. उलट, जुनं मोठं झाड तोडलं तर तीच माती पुन्हा फुगते. म्हणून "ते झाड आम्ही गेल्या वर्षीच काढलं" हे ऐकून निश्चिंत होऊ नका.

भेगा: कुठल्या हसण्यावारी न्यायच्या आणि कुठल्या नाही

इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण भेग दिसली की माणसं एकतर घाबरून पळतात किंवा "सगळ्याच घरांना असतात" म्हणून सोडून देतात.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या, केसाएवढ्या, कुठूनही कुठेही जाणाऱ्या भेगा बहुधा प्लास्टर वाळताना आकसल्याच्या असतात. दिसायला वाईट, बाकी काही नाही. विटांची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम जिथे भेटतात तिथली सरळ रेषाही बहुतेकदा निरुपद्रवी. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, एवढंच. सगळ्यात वरच्या मजल्यावर छताच्या खाली आडवी जाणारी भेग उन्हामुळे येते. काँक्रीट एका अंश सेल्सियसला दर मीटरमागे मीटरच्या दहा-बारा दशलक्षांशाएवढं वाढतं. ऐकायला हे काहीच नाही, पण दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकात तीन मिलिमीटरहून जास्त सरकतो आणि खालची भिंत जागेवरच राहते. छतावर उष्णतारोधक थर दिला की हे कमी होतं.

आता काळजीच्या. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि एका टोकाला रुंद होत गेलेली भेग. विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भेग. आत आणि बाहेर एकाच जागी दिसणारी, म्हणजे भिंत आरपार फाटल्याची खूण. यांचा संबंध पाया खचण्याशी असू शकतो. अशा भेगेजवळची दारं-खिडक्या उघडून बघा, चौकट तिरकी झाली असेल तर दार अडतं. आणि दाराची वरची कड रंधा मारून तिरपी केलेली दिसली, तर समजा की कुणीतरी आधीच हे दुखणं बघितलंय.

रुंदीसाठी ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची वर्गवारी अनेक ठिकाणी वापरली जाते. मोघम सांगायचं तर १ मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामात झाकली जाते, ५ मिलिमीटरपर्यंतची बुजवून दुरुस्त होते, ५ ते १५ मध्ये दारं-खिडक्या अडायला लागतात आणि भिंतीचा काही भाग नव्याने बांधायची वेळ येऊ शकते, त्यापुढे मोठी दुरुस्ती. पण नुसत्या रुंदीवर निकाल लावू नका. दहा वर्षांपूर्वी पडून थांबलेली ४ मिलिमीटरची भेग, आज वाढत असलेल्या १ मिलिमीटरच्या भेगेपेक्षा बरी. जुन्या भेगेच्या आत धूळ, रंग, कोळिष्टकं असतात आणि कडा बोथट झालेल्या असतात. ताजीच्या कडा धारदार आणि आतला रंग स्वच्छ. बुजवलेली भेग त्याच रेषेवर पुन्हा उघडली असेल, तर हालचाल चालू आहे.

आणि एक प्रकार वेगळाच: कॉलम किंवा बीमच्या लांबीला समांतर, सरळ जाणारी भेग आणि तिच्या कडेला तांबूस डाग. ही आतल्या सळईच्या गंजाची. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा) १२ ते १३ च्या घरात. तेवढ्यात लोखंड सुरक्षित राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, सामू ९ च्या आसपास उतरतो आणि हे संरक्षण संपतं. यालाच कार्बनेशन म्हणतात. खाऱ्या हवेतले क्लोराइड तर सामू न उतरताही सळई गंजवतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो. ती मिळवायला तो वरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. छताचे पोपडे पडून सळ्या दिसतात ते यामुळे. अशा जागी नुसतं प्लास्टर आणि रंग मारलेला असेल, तर आजार आतच आहे.

चाचण्यांची नावं ऐकून दबू नका

इथे इंजिनीअर यंत्रं सुचवेल. रिबाउंड हॅमर, ज्याला श्मिट हॅमर म्हणतात, तो अर्न्स्ट श्मिट या स्विस इंजिनीअरने १९४० च्या दशकाच्या अखेरीस बनवला. काँक्रीटवर दाबल्यावर आतला दांडा किती उसळतो यावरून पृष्ठभागाची कठीणता कळते. पृष्ठभागाची, हे लक्षात ठेवा. कार्बनेशन झालेला वरचा थर अधिक कठीण असतो, त्यामुळे जुन्या काँक्रीटचा आकडा फसवा चांगला येऊ शकतो. म्हणून जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी करतात. ध्वनिलहर काँक्रीटमधून सेकंदाला साडेचार किलोमीटरहून वेगाने गेली तर ते उत्तम, तीन किलोमीटरच्या खाली गेली तर शंकास्पद. काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन शिंपडलं की निरोगी भाग गुलाबी होतो आणि कार्बनेशन झालेला रंगहीन राहतो. ही स्वस्त चाचणी मला फार आवडते, कारण घर घेणाऱ्यालाही ती डोळ्यांनी समजते. गुलाबी रंग सळईच्या बाहेर सुरू होतो की सळईच्या मागे, एवढंच बघायचं. काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून बघणं सगळ्यात भरवशाचं, पण त्यासाठी घरमालकाची परवानगी लागते, आणि कुठून कापायचं हे इंजिनीअरनेच ठरवायचं असतं.

ओल: पाणी कुठून येतंय ते शोधा

डाग दिसला की तो कुठे आहे यापेक्षा कधी वाढतो हे विचारा. पावसात वाढतो आणि नंतर वाळतो: छत किंवा बाहेरची भिंत. बारा महिने सारखाच ओला: पाइप किंवा न्हाणीघर. फक्त थंडीत, कोपऱ्यात, कपाटामागे काळ्या बुरशीसह: बहुधा घरातल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते आहे आणि दुखणं खेळत्या हवेच्या अभावाचं आहे. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत, वर लाटेसारखी रेषा आणि तिथे पांढरे क्षार फुललेले: पायातून वर चढणारी ओल. ही सगळ्यात चिवट, आणि हिच्यावर रंग कधीच टिकत नाही.

ओल मोजायच्या यंत्राबद्दल एक इशारा. त्याच्या दोन सुया विजेचा रोध मोजतात, आणि बरीचशी यंत्रं लाकडासाठी जुळवलेली असतात. भिंतीवर दिसणारा आकडा म्हणजे पाण्याची टक्केवारी नाही. क्षार असले तरी आकडा चढतो. त्याचा उपयोग तुलनेपुरता: ही जागा शेजारच्या जागेपेक्षा किती ओली, आणि ओल कुठे संपते. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. त्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओली जागा बाष्पीभवनाने थंड पडते म्हणून ती उठून दिसते.

न्हाणीघराची खरी परीक्षा फरशीवर पाणी तुंबवून चोवीस तास ठेवण्याची. राहत्या घरात विक्रेता एवढं करू देईलच असं नाही. मग निदान शॉवर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. फ्लॅट असेल तर खालच्या शेजाऱ्याची बेल वाजवा. संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण "वरून पाणी येतं का हो?" या प्रश्नाला मिळणारं उत्तर कुठल्याही यंत्राहून अचूक असतं, आणि बहुधा सविस्तरही!

दोन नळ एकदम सोडा, त्याच वेळी फ्लश करा. धार किती मंदावते ते कळेल. सिंकमधून पाणी जाताना गुडगुड आवाज आला, तर निचऱ्याच्या पाइपला हवा मिळत नाही किंवा तो अंशतः तुंबलाय. बाहेरचं ड्रेनेजचं चेंबर उघडून बघा. त्यात झाडाची मुळं दिसली, तर पाइपही तपासून घ्यावा लागेल.

वीज, लाकूड आणि गायब झालेल्या भिंती

विजेचं खरं काम परवानाधारक वायरमनचं. तुम्ही एवढं बघा: बोर्डवर आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आहे का आणि त्याची क्षमता ३० मिलिअँपिअर आहे का, त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का, सॉकेट काळवंडलेली किंवा वितळलेली आहेत का. बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंगही चांगलं आहे असं नव्हे. ते वेगळं मोजून घ्यावं लागतं. वायरिंग किती जुनं, आणि एसी, गीझर, ओव्हन नंतर जोडताना वेगळी लाइन ओढली की जुन्यावरच जोडले, हे विचारा.

वाळवीसाठी भिंतीवरच्या मातीच्या बारीक नळ्या शोधा, विशेषतः जोत्याजवळ, कपाटांच्या मागे आणि चौकटींच्या पायाशी. चौकटीत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सहज घुसलं तर लाकूड आतून संपलंय.

गायब भिंती मात्र गंभीर विषय. दोन खोल्यांचा एक प्रशस्त हॉल केलेला दिसला की खूश होण्याआधी मंजूर नकाशा हातात घ्या. पाडलेली भिंत नुसती पडदी होती की वरचा भार पेलणारी? वरच्या आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी जाड भिंत उभी असेल आणि तुमच्याकडेच नसेल, तर तिचा भार आता कुठून जातोय हे इंजिनीअरने सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेजाऱ्यांनी पाडलेल्या भिंतीही तुमच्याच इमारतीच्या असतात. बंदिस्त केलेली बाल्कनी, हलवलेलं न्हाणीघर, छतावरची वाढीव खोली, हे सगळं नकाशाशी ताडून बघा; बांधकामाचा प्रश्न नसला तरी परवानगीचा असू शकतो.

पायरी ६: जमीन असेल तर हद्द

कुंपण म्हणजे हद्द नव्हे. कुंपण कुणीतरी सोयीने घातलेलं असतं. अधिकृत मोजणी करून घ्या, शक्यतो लगतच्या मालकांना कळवून, त्यांच्या समोर, आणि खुणांचे दगड जागेवर बसवून घ्या. मोजणीच्या नकाशावर कागदांतलं क्षेत्रफळ, प्रत्यक्ष ताबा, येण्याजाण्याचा रस्ता, आरपार जाणारी गटारं आणि डोक्यावरून जाणाऱ्या तारा या सगळ्यांची नोंद हवी. रस्ता दुसऱ्याच्या जमिनीतून असेल तर तो हक्काचा आहे की मेहरबानीचा, हे कागदावर दिसायला हवं. फ्लॅट असेल तर खोल्या आतून स्वतः मोजा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही आणि भिंतीलगतचं फर्निचर करताना ते कळेलच.

पायरी ७: अहवाल वाचा आणि भाव करा

अहवालात दोषांची लांबलचक यादी बघून छातीत धस्स होतं. घाबरू नका, कुठल्याही वापरलेल्या घराचे वीस-तीस दोष निघतातच. इंजिनीअरला त्यांचे तीन गट पाडायला सांगा: राहायला जाण्याआधी करायचं, येत्या वर्ष-दोन वर्षांत करायचं, आणि नुसतं लक्ष ठेवायचं. "पुढील तपासणी आवश्यक" असं जिथे लिहिलंय ती वाक्यं वेगळी काढा. त्यांचा अर्थ असा की मला संशय आहे, पण इथून दिसत नाही. तो संशय व्यवहाराआधी फेडायचा, नंतर नाही.

"तुम्ही हे घर घेतलं असतं का?" असं लोक मला विचारतात. मी टाळतो, कारण तुमची निकड आणि तुमचा हिशेब मला माहीत नसतो. "पहिल्या वर्षी कशावर खर्च होईल?" असं विचारा, त्याचं नेमकं उत्तर देता येतं.

पहिल्या दोन गटांतल्या कामांची लेखी अंदाजपत्रकं दोन कंत्राटदारांकडून मागवा आणि ती घेऊनच बोलणी करा. फोटो आणि आकडे समोर ठेवले की वाद कमी होतो. विक्रेता "मी दुरुस्त करून देतो" म्हणाला तर सहसा नको म्हणा आणि तेवढी किंमत कमी करून मागा. घर सोडून जाणारा माणूस सगळ्यात स्वस्त मार्गाने दुरुस्ती करतो, आणि त्यात त्याची फार चूकही नाही. अपवाद परवानग्यांचा: अनधिकृत बांधकाम नियमित करणं हे त्याचंच काम, तेही खरेदीखताआधी.

व्यवहार सोडून द्यावा अशा गोष्टी माझ्या मते थोड्याच आहेत. चालू असलेलं खचणं, ज्याचं कारण सापडत नाही. अनेक कॉलमना लागलेला गंज, आणि इमारतीतले बाकीचे मालक दुरुस्तीच्या खर्चाला तयार नाहीत. भार पेलणारी भिंत पाडलेली, आणि तिचा कागद नाही. बाकी बहुतेक दोषांना किंमत लावता येते.

घर अगदी नवं असेल तरी तपासणी करा, फक्त रोख बदलतो. तिथे पोकळ फरश्या, उलटा उतार, न बसणारी दारं, अर्धवट अर्थिंग अशी यादी करून ताबा घेण्याआधी बांधणाऱ्याच्या हातात द्या, आणि पोच म्हणून त्याची सही घ्या. ताबा घेतल्यावर मालकाचा आवाज किती खाली जातो, हे ज्याने अनुभवलंय त्याला विचारा.

घर घेतलंत, तर अहवाल कपाटात ठेवून विसरू नका. "लक्ष ठेवायचं" या गटातल्या प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि फोटो काढा. पहिल्या पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा त्याच जागांवरून पुन्हा फिरा, टॉर्च तिरपा धरून.